बुडबुडे मोजणारी

"सिलिंडर उभा कुणी ठेवला? कावेरी! आडवा ठेव म्हणून किती वेळा सांगायचं? कुणाच्या पायावर पडला तर?"

भीमसेनअण्णा सकाळी सातलाच ओरडायला लागले होते. सिलिंडर त्यांनीच उभा ठेवला होता, सिगारेट पेटवायला हात मोकळे हवेत म्हणून. पण हे त्यांना सांगणार कोण? कावेरीनं तो मुकाट्यानं आडवा केला आणि घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी ओले टॉवेल लावले.

सहा महिने तिचं हेच चाललं होतं. अण्णा नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. समुद्र बघायचा तर रात्रभर बसचे धक्के खावे लागतात अशा या बेंगळुरात ते दर रविवारी एका क्लबाच्या तलावात स्कूबा शिकवायचे. त्यांच्या हाताखाली कावेरी डाइव्हमास्टर व्हायला शिकत होती. शिकत होती म्हणजे काय, तर सिलिंडर वाहत होती, काच धुरकटू नये म्हणून लोकांनी थुंकून पुसलेले मास्क धूत होती आणि नवशिक्यांच्या शेजारी तळाशी बसून त्यांचे बुडबुडे मोजत होती. बुडबुडे येताहेत म्हणजे माणूस श्वास सोडतोय. थांबले की समजायचं, काहीतरी बिनसलं.

आता लॉगबुकातलं एकच पान उरलं होतं, नवशिक्यांच्या वर्गात केलेल्या मदतीचं. त्यावर आज अण्णांची सही झाली की ती पक्की डाइव्हमास्टर. लक्षद्वीपच्या एका बेटावरून नोकरीचं पत्रही आलं होतं : एक डिसेंबरला कागद घेऊन हजर व्हा. आणि चिकपेटातल्या वडिलांच्या कापडदुकानावरच्या तीन खोल्यांत आई, सोयराबाई, रोज जप केल्यासारखी म्हणायची, "केस बघ, काथ्या झालाय नुसता. कोण करून घेणार तुला?" सत्तावीस वर्षांची पोर दुसरं काय करणार? तिला ते बेट हवंच होतं, अगदी जीव टाकून हवं होतं.

त्या रविवारी चार नवशिके होते. त्यांतले तिघे गरीब बिचारे, सांगाल तसं करणारे. चौथे विश्वेश्वरराव. इलेक्ट्रॉनिक सिटीत कारखाना, क्लबाचे सेक्रेटरी, शिवाय आपल्या मराठी मंडळाचेही अध्यक्ष. म्हणजे तलाव त्यांच्या हातात आणि कावेरीच्या वडिलांचा चारचौघांतला मानही. बायको पद्मावती काठावरच्या खुर्चीत कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती.

पाण्यात उतरण्याआधी कावेरीनं नेहमीचं सांगितलं. "पाण्याखाली श्वास कधीही कोंडायचा नाही. तळाशी घेतलेली हवा वर येताना फुगते. तोंड मिटून वर आलात तर फुप्फुस फाटतं. बारा फूटसुद्धा पुरतात."

"ए पोरी," विश्वेश्वरराव हसले, "वीस वर्षं प्राणायाम करतोय मी. एक मिनिट चाळीस सेकंद कुंभक. तू मला श्वास घ्यायला शिकवणार?"

"घ्यायला नाही काका, सोडायला."

बाकीचे तिघे फिसकन हसले. झालं! विश्वेश्वररावांचे कान लाल झाले. कावेरीला तेव्हाच कळलं की हे महागात पडणार आहे.

ती अण्णांपाशी गेली. "अण्णा, हे श्वास कोंडणार बघा. आज उथळातच ठेवू या त्यांना. स्वल्प सवय होऊ दे."

"सेक्रेटरीला लहान पोरांच्या पाण्यात बसवू? आणि पुढच्या रविवारी तलाव काय तुझा बाप देणार?" अण्णांनी सिगारेट चपलेखाली चिरडली. "शिकाऊ आहेस, शिकाऊसारखी राहा."

सरी, ठीक आहे. ती शिकाऊसारखी राहिली.

उडी मारायच्या फळीखाली तलाव बारा फूट खोल होता. सगळे तळाशी गुडघे टेकून बसले. विश्वेश्वरराव मात्र मांडी घालून बसले, देवघरात बसावं तसे! तोंडातली हवेची नळी काढायची, बारीक बारीक बुडबुडे सोडत राहायचं आणि नळी परत तोंडात धरायची, एवढंच काम. तिघांनी ते केलं. मग विश्वेश्वररावांनी छाती भरून श्वास घेतला, नळी काढली आणि डोळे मिटले.

एकही बुडबुडा नाही.

कावेरीनं त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. त्यांनी पाहिलं आणि मान वळवली. ती मनात सेकंद मोजत होती. वीस, तीस, चाळीस. अण्णा समोर चार हातांवर होते, सगळं बघत होते. आणि मग व्हायचं तेच झालं. मास्कमध्ये पाणी शिरलं, विश्वेश्वरराव दचकले, नळी तिथंच टाकून त्यांनी तळावर पाय मारला आणि तोंड गच्च मिटून सरळ वर निघाले.

कावेरीनं त्यांचा पट्टा धरून खाली खेचलं. त्यांनी लाथ मारली. तिनं त्यांची नळी ओठांवर दाबली, तर ते दात उघडेनात. छाती तशीच फुगलेली. तेव्हा तिनं बरगड्यांच्या खाली, पोटात, मूठ मारली. एकदा. दुसऱ्यांदा जोरात. भळ्ळकन हवा बाहेर आली, तिनं नळी आत सारली आणि त्यांचे बुडबुडे मोजत मोजत त्यांना सावकाश वर आणलं.

डोकं पाण्याबाहेर येताच विश्वेश्वररावांनी तिच्या कानाखाली वाजवली.

"मारलं मला! पोटात मारलं! बायकामाणसानं अंगाला हात लावला माझ्या, माझ्याच क्लबात! कुठल्या घरातली गं तू? थांब, उद्याच तुझ्या बापाच्या दुकानात येतो!"

कानात पाणी गेलं होतं, त्यामुळे तिला अर्धंच ऐकू आलं. ती अण्णांकडे बघत होती. पोटात मूठ मारून श्वास सोडवायचं तिला अण्णांनीच तर शिकवलं होतं, याच तलावात. 'नौदलात असंच करायचे. शिव्या खाल्ल्या तरी चालेल, माणूस जगला पाहिजे,' असं म्हणून त्यांनी तिच्याच पोटात मारून दाखवलं होतं. दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं.

"विश्वेश्वरराव, शांत व्हा," अण्णा म्हणाले. "पोर घाबरली. शिकाऊ आहे."

घाबरली! कावेरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

अर्ध्या तासानं अण्णा कोरा कागद घेऊन आले. कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर ती टॉवेल लपेटून बसली होती.

"लिही. घाबरून माझा तोल सुटला आणि मी सेक्रेटरीसाहेबांना मारलं, क्षमा असावी. क्लबाच्या फलकावर आठ दिवस लागेल, मग लोक विसरतील. तू लिहिलंस की मी लॉगबुकावर सही करतो."

"तुम्ही पाहिलंत ना अण्णा?"

"पाहिलं."

"श्वास कोंडला होता ना त्यांनी?"

"कोंडला होता." अण्णा दुसरीकडे बघत म्हणाले. "पण हा तलाव गेला तर शिकवू कुठं? न्हाणीघरात?"

"जो घाबरतो त्यानं दुसऱ्याला पाण्यात नेऊ नये, हे तुम्हीच सांगितलंत. आता मीच ते लिहून देऊ?"

"फार शहाणी आहेस. म्हणूनच घरात बसलीयस अजून." असं म्हणून अण्णा पेन बाकावर आपटून गेले.

तेवढ्यात पद्मावती आली. तिनं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून पुढं केली. "अक्का, वरून मलाही दिसत होतं. यांच्या डोक्यावरच्या पाण्यात एक बुडबुडा नव्हता." मग ती आणखी हळू बोलली. "पण मी काही बोलणार नाही हं. मला त्या घरात राहायचंय."

"बेडा, नको," कावेरी म्हणाली. तिनं कॉफी घेतली नाही.

तिनं लॉगबुक उघडलं आणि अण्णांच्याच पेनानं लिहिलं : 'ता. १० नोव्हेंबर १९९६. खोली बारा फूट. एक विद्यार्थी श्वास रोखून वर निघाला. अडवला, श्वास सोडवला. विद्यार्थी सुखरूप.' सहीची जागा कोरी सोडली आणि वही घेऊन ती काठावर गेली. अण्णा सामान आवरत होते.

"यावर सही करा. माफी मी लिहिणार नाही."

अण्णांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. फाटकाबाहेर विश्वेश्वररावांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. तो ऐकून अण्णांनी हातातला सिलिंडर तिथंच टेकवला, तिच्या हातातलं पेन घेऊन टोपण लावलं आणि खिशात टाकलं.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," एवढंच बोलून ते लगबगीनं गाडीकडे गेले.

मग मात्र तिला रडू आलं. बेट गेलं होतं, आणि उद्या दुकानात जो तमाशा होणार तो वेगळाच. पोटभर रडून घेतल्यावर तिनं नाक पुसलं. अण्णांनी टेकवलेला सिलिंडर काठावर उभाच होता. थोड्या वेळानं दहाच्या पोहण्याच्या वर्गाला लहान मुलं धावत येणार होती.

कावेरीनं तो आडवा केला, दोन्ही बाजूंनी ओले टॉवेल लावले आणि वही पिशवीत घालून ती बसस्टॉपकडे निघाली.