तांदळाच्या दाण्याएवढं

लेकीने कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, वाटीच्या कडेला दाबून पिळला आणि आईच्या ओठांवरून फिरवला. आईने ओठांनी तो बोळाच धरायचा प्रयत्न केला.

"चोखू नकोस. सिस्टर ओरडेल."

"तिला पोहायला मी शिकवलंय," आई म्हणाली. "ती काय मला ओरडणार!"

शिकवलं असेलही. तीस वर्षं आईने शहराच्या तलावावर पोरांना पाण्यात ढकललं होतं. गळ्यात शिट्टी, पायांत रबरी चपला. सगळे तिला शिट्टीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. आता त्या गळ्याला सलाईनची नळी चिकटपट्टीने बसवली होती आणि छातीखालपासून ओटीपोटापर्यंत टाक्यांची सरळ रेघ गेली होती.

ऑपरेशन सात तास चाललं होतं. अंडाशयाचा कर्करोग, पोटभर पसरलेला. ते आटोपल्यावर सर्जनने लेकीला बाजूच्या खोलीत बोलावून घेतलं. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, आतड्यांवरचा चरबीचा पदर, सगळं काढलंय, ते म्हणाले. फक्त यकृताच्या वरच्या अंगाला दोन ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढं राहिलंय. तिथे हात घालणं धोक्याचं होतं. केमोने जाईल अशी आशा ठेवू. लेक मान हलवत राहिली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती सोळा वर्षं करत होती, आणि त्या घटकेला तिला एवढंच दिसत होतं की डॉक्टरांच्या चष्म्याची डावी दांडी सैल झालीय. स्क्रू आवळायला हवा. दोन मिनिटांचं काम.

"काही विचारायचंय?"

"आईला इतक्यात सांगू नका."

"आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

"नाही विचारणार ती."

आई शुद्धीवर आली तेव्हा तिने लेकीलाच विचारलं, "निघालं?"

"सगळं निघालं," लेक म्हणाली. इतक्या सहज, की तिचं तिलाच नवल वाटायला हवं होतं. पण तसं काही वाटलं नाही. सकाळी घरी जायचं, अंघोळ करायची, कुंड्यांना पाणी घालायचं, परत यायचं. शेजारीण फोनवर रडू लागली तेव्हा हिनेच तिची समजूत घातली आणि फोन ठेवून नखं कापत बसली.

डॉक्टर रोज सकाळी एकच प्रश्न विचारत : गॅस सरला का? तो सरेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. शिट्टीबाईला असल्या गोष्टींची चर्चा जन्मात खपली नव्हती. आता मामा सकाळ-संध्याकाळ फोन करून तेच विचारत होता, पलीकडून मामी "काय म्हणते? झालं का?" करत होती. चौथ्या दिवशी दुपारी सिस्टर पलंगाची उशाकडची बाजू वर करत असताना तो आवाज झाला. चांगला लांबलचक.

"आला!" सिस्टर ओरडली.

आईने डोळे मिटून घेतले. "दवंडी पिटव आता."

लेकीने मामाला कळवलं. तो हसता हसता हुंदके द्यायला लागला. तिने तो थांबेपर्यंत फोन कानाशी धरून ठेवला. मग आईला चमच्याने पाणी पाजलं, एकेक चमचा, सांगितलं होतं तेवढंच.

पाचव्या दिवशी आईला चालवायचं होतं. एका हाताने सलाईनचा स्टँड ढकलत आणि दुसऱ्या हातात पोटातल्या नळीची पिशवी सांभाळत लेक तिच्या बाजूने निघाली. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी एक बाई खुर्चीत बसली होती. चाळिशीची असेल. तोच निळा गाऊन, तसाच स्टँड, तशीच पिशवी. तिला चालवायला आलेली फिजिओ कंटाळून निघून गेली होती.

आई तिच्यासमोर थांबली. धाप लागली होती, तरी उभी राहिली.

"का हो, चालत नाही?"

"काय करायचंय चालून," बाई खिडकीकडेच बघत म्हणाली. "माझं सगळं निघालं नाही. आत राहिलंय."

"माझंही राहिलंय," आई म्हणाली. "यकृताच्या वर. दोन ठिकाणी, तांदळाच्या दाण्याएवढं. उठा."

लेकीच्या हातातला स्टँड जागीच थांबला.

बाईने पहिल्यांदा मान वळवली. आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दुखतं हो फार."

"दुखणारच. खुर्चीच्या हाताला धरा, पुढे वाका, श्वास सोडत सोडत उठा. सोडा! कोंडून काय धरलाय?"

बाई उठली. तिच्यासोबत कोणी नव्हतं, म्हणून लेकीने आईची पिशवी स्टँडला अडकवली आणि बाईचाही स्टँड धरला. दोन हातांत दोन स्टँड. तिघी निघाल्या. बाई दर चार पावलांवर थांबत होती, आईही, आणि एक थांबली की दुसरीला बरंच वाटत होतं. बाईच्या खोलीशी पोचल्यावर ती म्हणाली, "संध्याकाळी परत येणार का तुम्ही?"

"पाचला. तयार राहा."

बाईला पलंगावर बसवून लेक बाहेर आली. आई भिंतीच्या कठड्याला धरून उभी होती.

"कधी कळलं तुला?"

"तिसऱ्या दिवशी. विचारलं मी डॉक्टरांना. पोट माझं आहे."

"मग मला का नाही बोललीस?"

"लहानपणी तुला एक खोटं धड बोलता यायचं नाही," आई म्हणाली. "आता इतकं छान बोलत होतीस. म्हटलं, बघू किती दिवस तगतेस."

लेकीला आईच्या गाऊनची सुटलेली नाडी दिसली, ती तिने मागून बांधली. दोन्ही टोकं हातात एकसारखी येईनात, म्हणून पुन्हा सोडून बांधली.

मग लेकीने विचारलं, "केमो कधीपासून सांगितलीय तुला?"

"तीन आठवड्यांनी. टाके सुकले की. आणि तुला?"

"मलाही तीनच आठवडे."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "डॉक्टर तरी दोघींना एकच सांगतायत."

आणि तिने कठडा सोडून लेकीचा दंड धरला.