तिळाएवढा ठिपका

श्रावण सरत आला आणि सरूबाईच्या भातावर तपकिरी ठिपके पडले. औंढे गावात तेवढ्या एका खाचरात तिच्या माहेरचं तांबडं भात उरलं होतं. बाकी सगळीकडं इंद्रायणी.

दीर सोपान बांधावरनंच ओरडला, "वयनी, करपा आलाय! कापून गुरांना घाला. वाऱ्यानं माज्या इंद्रायणीवर आला मंजी?"

"कापलं तर पुन्यांदा बी कुटनं आनू, भावजी? दुकानात मिळतंय व्हय हे?"

"पाच दिस देतो. मग मीच इळा घिऊन येतो."

"या की. आधी मला आडवं करावं लागंल."

तिनं मोठ्यात मोठे ठिपके असलेल्या अकरा पानांना लाल दोरा बांधला. रोज सकाळी हरिनाम घेत ती खाचरात उतरायची आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी तीळ धरून तो वाढलाय का बघायची.

तिसऱ्या दिवशी वडगावहून कृषी सहायक हर्षदा आली. पान उलटंपालटं करून म्हणाली, "मावशी, बुरशी शिरली की तिथला तेवढा भाग पान स्वतःच मारून टाकतं. ह्या बुरशीला जिवंत पान लागतं. मेलेल्या जागेत ती कोंडून उपाशी मरते."

"मंजी घरातल्या चौघी जीव देऊन बाकी सारं घर राखत्यात, तसं?"

"तसंच."

कीर्तन संपल्यावर जोडावेत तसे सरूबाईनं भातापुढं हात जोडले. डोळे भरून आले होते. "पांडुरंगा! आन् ह्यालाच कापा म्हनत्यात."

पाचव्या दिवशी सोपान विळा घेऊन आला. सरूबाई वाटेत उभी. तळहातावर तीळ.

"मोजा."

त्यानं अकराही पानं बघितली. ठिपका तिळाला तीळ.

"आता तुमच्याकडं चला," ती म्हणाली.

दोनदा युरिया खाऊन सोपानची इंद्रायणी हिरवी काळीभोर झाली होती. पण वाकून बघितलं तर पानोपानी डोळ्याच्या आकाराचे डाग, मधे राखेसारखे. कुठं कुठं एकात एक मिसळलेले. सोपानचा चेहरा उतरला.

"हे तुमच्याकडनंच आलं, वयनी."

"आलं आसंल. माज्या भातानं त्याला दारातच मारलं. तुमी युरिया घालून पंगतीला बसवलं."

सोपाननं एक डागाळलेलं पान खुडून उलटंपालटं केलं.

"हर्षदाताईला फोन लावा, पीक हातचं जायाच्या आत. आन् माज्या खाचरात परत यायचं तर मोकळ्या हातानं यायचं, भावजी."