पाचरीवरचा एक घाव

एनोक गिटिन्स मूळचा सुतार. इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीवर पुलासाठी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कमान उभारायचं ठरलं, तेव्हा बिडाचे सांधे कसे जोडायचे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग लाकडाचेच सांधे बिडात ओतले: खाचेत बसणारी कूस, ती खाच म्हणजे साल, दोन्ही घट्ट करणारी पाचर, सगळं तसंच. त्यामुळे एनोकचा भाव वधारला आणि गडी जरा चढेलही झाला.

लाकडात पाचर ठोकावी तेवढी थोडीच. लाकूड दबतं, पोटात घेतं. काल संध्याकाळी त्या सवयीनं त्यानं एक घाव जास्त घातला. टिक् एवढाच आवाज झाला. कमानीच्या डाव्या फासळीत केसाएवढी चीर गेली होती. बीड दबत नाही, तडकतं. बोललो तर काम जाईल, म्हणून तो गप्प बसला. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आज कमानीखालचे लाकडी आधार पाडायचे होते. सांधे बसवणाऱ्यानं तेव्हा कमानीच्या माथ्यावर उभं राहायचं, असा रिवाज. स्वतःच्या जिवाचं त्याला फारसं वाटत नव्हतं. पण घण घेऊन खाली उतरला तो नेमका त्याचा जावई, जोब.

"जावईबापू, वर या. दुसऱ्या कोणाला तरी पाठवू."

"का हो मामा? स्वतःच्या सांध्यांवर भरवसा नाही वाटतं?"

माणसं हसली. घण पडू लागले. शेवटचा आधार हलला तेव्हा कुठे एनोकला कंठ फुटला.

"थांबा रे, डावी फासळी तडकलीय."

उशीर झाला होता. आधार कोसळला, कमान करकरली, बोटभर खाली बसली आणि उभी राहिली.

जोबनं वर येऊन फासळीवर अंगठा फिरवला. "कुठाय चीर?"

एनोकनंही शोधली. भारानं दोन्ही कडा अशा दाबल्या होत्या की नखही शिरेना.

"मिटलीय रे, सांधलेली नाही. काठाची दरड आत सरकली, कमान दोन्हीकडून दाबून वर उचलली गेली, की उघडेल."

"घाबरलात मामा. त्यात लाजायचं काय?"

काल बोलला असता तर दाखवायला चीर तरी होती. आता कोण ऐकणार?

तेवढ्यात पलीकडून एनोकची लेक रुथ, तान्ह्याला कडेवर घेऊन, कमानीवर टाकलेल्या फळ्यांवरून कौतुकानं पुलावर आली.

"सावकाश ये गं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.