झाली ना

कादंबरीने बोटांनी भाकरी फोडली, आतलं चीज लांबत गेलं आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो तुकडा ताटलीत परत ठेवला. समोर बसलेल्या निशिकांतने तर स्वतःच्या ताटलीला अजून हातही लावला नव्हता.

"ह्याला रुचिर भाकरीच म्हणायचा," ती म्हणाली. "फोनवर सांगायचा, बाईंची भाकरी खाऊन आलो."

बाई म्हणजे मार्ता, एल साल्वादोरची. जहाजावर नोकरी करणाऱ्या नवऱ्यामागून ती सिंगापूरला आली आणि क्लेमेंटीत एका ब्लॉकच्या तळमजल्यावर सहा टेबलांचं हॉटेल टाकून बसली. मक्याच्या पिठाच्या गोळ्यात घेवडा आणि चीज भरून ती दोन्ही हातांनी थापायची, तव्यावर टाकायची आणि सोबत आंबवलेला कोबी द्यायची. ह्याला पुपुसा म्हणतात हे कादंबरीच्या नवऱ्याला, रुचिरला, चांगलं ठाऊक होतं. पण दर शनिवारी जुरोंग आयलंडवरच्या कामावरून सुटून कंपनीच्या बसने आला, की तो दारातूनच दोन बोटं दाखवून मराठीत 'दोन भाकरी' म्हणायचा आणि मार्ताला ते कळायचं. नाशिकचा माणूस, थापलेल्या पिठाला दुसरं नाव द्यायला तो काही तयार नव्हता.

तो जाऊन सतरा दिवस झाले होते. नायट्रोजन भरलेल्या, श्वासापुरताही ऑक्सिजन नसलेल्या टाकीत उतरला आणि शिडीच्या पायथ्याशीच कोसळला. अंत्यविधी नाशिकला झाले. त्याची इथली खोली रिकामी करायला कादंबरी एकटीच आली होती आणि उद्या परत जाणार होती. निशिकांत रुचिरचा वरिष्ठ आणि मित्रही. त्याने फोन करून काही मदत लागेल का विचारलं, तर ती म्हणाली, मदत नको, रुचिर जेवायचा तिथे मला घेऊन चला. निशिकांतला वाटलं, तिला नवऱ्याच्या आठवणी काढून जरा मोकळं व्हायचं असेल. माणसाला सोयीचं तेवढंच वाटतं.

तिने पर्समधून कागद काढून टेबलावर पसरला. तो कंपनीच्या अहवालातला निशिकांतचा जबाब होता. दोन इंग्रजी वाक्यांखाली पेन्सिलीची रेघ होती. टाकीतल्या हवेची टेस्ट झाल्याचं रुचिरने मला कळवलं, असं पहिलं वाक्य सांगत होतं. मी ते ऐकल्याची पोच दिली, असं दुसरं.

"आमचे बाबा चौतीस वर्षं वीज केंद्रात फिटर होते," ती सासऱ्यांबद्दल सांगू लागली. "हे वाचल्यापासून ते रुचिरच्या फोटोला हार घालू देत नाहीत. म्हणतात, न झालेली टेस्ट झाली म्हणून सांगितली त्याने. आणखी कुणी मागून उतरलं असतं तर तेही गेलं असतं."

निशिकांतने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"वॉकीटॉकीवर तुम्ही दोघं मराठीतच बोलायचात?"

तो हो म्हणाला. खरं तर साइटवर इंग्रजीतच बोलायचा नियम होता. पण चॅनलवर दोघेच असले की त्यांना ते नाटकी वाटायचं, आणि आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोललं तर कुणाचं काय बिघडतं, असं दोघेही म्हणायचे.

"मग तो नेमकं काय म्हणाला?"

"'टेस्ट झाली ना', असं म्हणाला."

कादंबरीने ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. मग पुन्हा एकदा, जरा वेगळे.

"त्याने म्हटलं तसं म्हणून दाखवा, दादा."

इथे निशिकांतची पंचाईत झाली. पहिले दोन दिवस त्याला खात्री होती की रुचिर सांगत होता: झाली ना, म्हणजे झाली की, काळजी कसली करतोस. त्याच खात्रीने त्याने जबाब दिला, आणि इंग्रजीत तो 'ना' कुठे बसवायचा हा प्रश्नच उठला नाही. तिसऱ्या दिवशी दाढी करताना ते वाक्य कानात आलं आणि शेवटाला वर चढलं, विचारल्यासारखं. त्याचा वस्तरा गालावरच थांबला. टाकीतली हवा तपासणारा माणूस अपघाताच्या दिवशी सकाळी उशिरा येणार, हा निरोप निशिकांतच्या फोनवर आला होता आणि त्याने तो दुपारपर्यंत पाहिलाच नव्हता. टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रुचिरला टेस्टचं काय माहीत असणार? तो विचारणार निशिकांतलाच. हे कळूनही निशिकांतने जबाब बदलला नाही. त्याचा इथे नोकरी करायचा पास होता, घर होतं, मुलीची शाळा होती. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती, पण भीती जास्त होती.

"टेस्ट झाली ना," तो म्हणाला. सपाट म्हणायचं असं ठरवूनही त्याचा आवाज शेवटी वर गेला.

आत मार्ता पीठ थापत होती. कादंबरीचं बोट कागदावरच्या दुसऱ्या वाक्यावर गेलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी हं म्हणालो."

ह्या 'हं'चा अर्थ काय, हे तिने विचारलं. आपल्याला बरं, ऐकलं, असं म्हणायचं होतं, असं त्याने सांगितलं. त्यावर ती म्हणाली की विचारणाऱ्याला तो 'हो, झाली' असाच ऐकू जाणार. हे बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. गणित सोडवताना एकेक पायरी मांडावी तशी ती बोलत होती आणि निशिकांतला तेच सोसेनासं झालं.

"म्हणजे त्याने विचारलं होतं," ती म्हणाली.

"हं."

"हं नको, दादा. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून गेलं. मार्ताने येऊन ते टेबल पुसलं, ह्यांच्या भरल्या ताटल्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता परत गेली.

"हो," निशिकांत म्हणाला.

ती रडेल, ओरडेल, निदान उठून जाईल, असं त्याला वाटलं होतं. त्यातलं काहीही चाललं असतं. तिने फोन काढून नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन दोन ताटल्यांच्या मधे ठेवला. नाशिकला अजून दुपारचे बारा वाजले नव्हते. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बाबा, निशिकांतदादा तुमच्याशी बोलतायत."

"बोला," पलीकडून म्हातारा, कोरडा आवाज आला.

निशिकांतने कादंबरीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"काका," तो म्हणाला, "टेस्ट झाली का, असं रुचिरने मला विचारलं होतं. मी नुसतं हं म्हणालो."