सत्तावीस नंबरचा प्रश्न

वहिदाच्या वहीत चारशे अकरा चुका होत्या आणि त्यांतली एकही तिची स्वतःची नव्हती.

लातुरात वैजनाथ सरांच्या क्लासवर ती रसायनशास्त्र शिकवायला लागली, त्या वर्षी तिनं ही जाड पुठ्ठ्याची वही घेतली. त्याला तेरा वर्षं झाली. पर्यायांच्या पेपरात बारावीची मुलं आपापल्या तऱ्हेनं चुकत असतील असं तिला आधी वाटे. तसं नव्हतं. अठरा मिलिलिटर पाण्यात किती रेणू असं विचारून त्यात नुसतं ‘प्रमाण तापमान व दाब’ एवढं घातलं, की अर्धा वर्ग पाण्याला वायू समजून २२.४ नं भागायला धावे. फार पातळ केलेल्या आम्लाचा सामू, म्हणजे पीएच, मुलं बिनदिक्कत सातच्या वर आठ लिहीत. आम्लात कितीही पाणी ओतलं तरी त्याचं अल्क होत नाही, हे त्यांना माहीत असे. त्या घटकेला आठवत नसे. ‘कोणते विधान बरोबर नाही’ यातला ‘नाही’ तर दर शनिवारी दहा-बारा जण गिळून टाकत. मुलं दरवर्षी बदलत, चुका त्याच राहत.

या वहीवरून ती शनिवारचा पेपर काढी. आधी प्रश्न, मग बरोबर उत्तर, मग वहीतल्या तीन चुका करून बघितल्या तर जी उत्तरं येतील ती तीन. त्यामुळे मुलानं कुठला गोल काळा केला यावरून तो कुठं घसरला ते लगेच कळे. वैजनाथ सर पालकांना सांगत, “आमच्या मॅडमचे पर्याय म्हणजे एक्स-रे आहेत.” वहिदाला हे वाक्य आवडत नसे, पण ते खोटं आहे असंही तिला वाटत नसे.

या एक्स-रेत एकच मुलगी सापडत नव्हती. अयोध्या, देवणी गावची, रिपीटर. तिचे वडील देविदास तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. क्लासच्या पेपरात अयोध्येला रसायनात एकशे ऐंशीपैकी एकशे साठ-पासष्ट पडत. भिंतीवर लागणाऱ्या यादीत ती पहिल्या तिघांत असे. पण गेल्या मे महिन्यात डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या खऱ्या परीक्षेत तिला रसायनात पंचावन्न मिळाले होते.

“घाबरते पोरगी,” वैजनाथ सर म्हणत. “मोठ्या हॉलमध्ये गेली की ब्लँक होते. तिला जरा मोटिव्हेशन द्या.”

डिसेंबरात देविदास येऊन गेले. स्टाफरूमच्या दारात चप्पल काढून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“मॅडम, हा हिचा शेवटचा चान्स हाय. तिला बी सांगितलंय. औंदा न्हाई झालं तर गावाकडं बीएस्सीला नाव टाकायचं. बारकी आता बारावीला जायलीय, दोघींना लातुरात ठेवणं व्हत न्हाई.”

“अभ्यास करते ती,” वहिदा म्हणाली.

“तेच तर कळंना झालंय. अभ्यास न करणारीला बोलता येतंय. हिला काय बोलावं?”

अयोध्येचे जुने पेपर वहिदानं दोनदा तपासले होते. वहीतल्या चारशे अकरा चुकांपैकी एकही ही मुलगी नेमानं करत नव्हती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी पेपर छापताना घोटाळा झाला. सत्तावीस नंबरचा प्रश्नच गायब. नुसता आकडा, आणि खाली चार पर्याय: ८.८ ग्रॅम, ४.४ ग्रॅम, ५.६ ग्रॅम, २.२ ग्रॅम. पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर सोमेश नावाच्या मुलानं हात वर केला.

“मॅडम, सत्तावीसला प्रश्न दिला न्हाई. डायरेक्ट उत्तरच हाय.”

“आपल्यासाठी सोय केली असंल रे,” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सत्तावीस रद्द, कुणी भरू नका, असं वहिदानं सांगून टाकलं.

संध्याकाळी उत्तरपत्रिका मशीनमधून गेल्या. एकशे बारा मुलांपैकी तिघांनी सांगण्याआधीच सत्तावीस भरून टाकला होता. दोघांचे गोल चुकीचे होते. अयोध्येनं ४.४ काळा केला होता, आणि हरवलेल्या प्रश्नाचं उत्तर ४.४ च होतं.

चारात एक, म्हणजे पंचवीस टक्के. ठोकून दिलं तरी लागू शकतं. वहिदानं तेवढं मनाशी मांडलं आणि विषय बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती नांदेडला माहेरी गेली. तिचा भाऊ जिलानी वडलांच्या मागं इतवारा भागातलं शिलाईचं दुकान चालवत होता. कुणीतरी सैल करून हवा म्हणून एक कुर्ता ठेवून गेलं होतं. जिलानीनं तो उलटा केला, कॉलरच्या आतून बोट फिरवलं आणि हसला.

“ये सद्दाम का हात है. चार साल हुए दुकान छोड़के, अब्बी वैसाइच पलटाता टाका.”

“नाव लिहिलंय का त्यावर?” वहिदानं विचारलं. ती भावाशी मराठीत बोले, तो तिच्याशी दखनीत. लहानपणापासून असंच चाललं होतं.

“नाम कायको होना, आपा? सीने वाला अपने को छुपाताच नई. बाहर से कपड़ा देखते लोगां, अंदर से आदमी दिखता.”

लातूरच्या परतीच्या गाडीत वहिदानं पिशवीतून जुने पेपर काढले, दहा प्रश्न निवडले, आणि वहीचं शेवटचं पान फाडून त्यावर फक्त त्यांचे पर्याय उतरवले. प्रश्न लिहिले नाहीत.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत तिनं अयोध्येला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि तो कागद पुढं ठेवला.

“यातली बरोबर उत्तरं कुठली?”

अयोध्येनं कागद बघितला. प्रश्न कुठे आहेत असं तिनं विचारलं नाही. चार मिनिटांत मुलीनं दहा खुणा केल्या. नऊ बरोबर होत्या.

“सत्तावीस नंबरला ४.४ का लिहिलंस?”

“चुकलं का मॅडम?”

“नाही. बरोबर आहे. कसं काढलं ते सांग.”

अयोध्येनं पेन हातात घेतलं. खात्रीचं गणित समजावताना मुलांचा आवाज चढतो, तसा तिचा चढला.

“ह्ये ८.८, म्हणजे कुणीतरी निम्मं करायचं विसरलं. ह्ये २.२, त्यानं दोनदा निम्मं केलं. अन् ५.६ मधी ४.४ घातले की बरोब्बर दहा. म्हणजे जे निघून गेलं त्याच्याऐवजी उरलेलं लिहिलं कुणीतरी. तिघांचं नातं एकट्या ४.४ शी लागतंय. तुमचं खरं उत्तर मधी असतं मॅडम, बाकीचे त्याच्या भोवती. ८.८ तर सोमेश भरतोयच. शुद्धता दिली की त्याला दिसतच न्हाई.”

शुद्धता हा शब्द तिनं आपणहून उच्चारला होता. वहिदाला क्षणभर बरं वाटलं.

“मग प्रश्न काय होता?”

“त्ये न्हाई माहीत.”

“कशातून काय निघून गेलं?”

अयोध्या पर्यायांकडेच बघत राहिली. “कायतरी दहा ग्रॅम.”

वीस ग्रॅम चुनखडी, शुद्धता पन्नास टक्के, तापवली तर किती कार्बन डायऑक्साइड निघेल, एवढा साधा प्रश्न होता. वहिदानं तो कोऱ्या कागदावर लिहून दिला, खाली पर्याय दिले नाहीत. अयोध्येनं समीकरण मांडलं, ते जुळतंय का बघितलं, आणि तिथं थांबली. थोड्या वेळानं तिनं मान वर केली.

“पर्याय द्या की मॅडम.”

“नाहीत.”

“मग बरोबर आलं का न्हाई ते कसं कळणार?”

तिच्या आवाजात लबाडी नव्हती. आपण फसवतो आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. सगळे असंच सोडवतात, आपण जरा लवकर सोडवतो, एवढंच तिला वाटत होतं. दोन वर्षं, दर शनिवारी पंचेचाळीस प्रश्न. तेवढ्यात ती रसायन थोडं आणि वहिदाचा हात ओळखायला पुष्कळ शिकली होती. मे महिन्याचा पेपर काढणारं माणूस वेगळं असे, त्याचे टाके वेगळे असत, आणि तिथं हिला हाताला काहीच लागत नसे.

त्या संध्याकाळी वहिदानं वही उघडली आणि चारशे बारावी नोंद केली: ‘पर्याय बनवणाऱ्याची चूक. तिन्ही चुकीची उत्तरं एकाच बरोबर उत्तरातून काढली. कालावधी: तेरा वर्षं.’ मग शाई वाळेपर्यंत बसून राहिली.

परीक्षेला अकरा आठवडे होते.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत अयोध्येनं स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून पर्यायांशिवाय प्रश्न सोडवायचे असं ठरलं. पहिल्या पंचेचाळिसात नऊ आले. दुसऱ्या खेपेला अकरा. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. वहिदानं तिला व्हरांड्यात गाठलं.

“डबा खायलते मॅडम.”

“आत बसून खा.”

“मला सगळं येत होतं,” अयोध्या म्हणाली. डबा तिनं बंद केला. “तुम्ही बोलावलं त्या दिवसापासून कायच येत न्हाई.”

“येत नव्हतंच. आता कळतंय एवढंच.”

हे वाक्य कठोर होतं हे वहिदाला बोलल्यावर जाणवलं. पण मऊ करून सांगायला अकरा आठवडे पुरे नव्हते. अयोध्या उठून आत गेली आणि पुढचे पंचेचाळीस प्रश्न घेऊन बसली. तेरा आले.

शनिवारचे पेपरही वहिदानं बदलले. आता ती चुकीच्या उत्तराच्या पोटीही एक चूक घाली. एका खोट्या उत्तराची दुप्पट, दुसऱ्या खोट्या उत्तराशी बेरीज जुळणारं तिसरं. खऱ्या उत्तराच्या भोवती आता कुणी उभं राहत नसे. एकेका प्रश्नाला अर्धा तास लागे. वर्गाचे गुण थोडे हलले, अयोध्येचे कोसळले. यादीत ती तिसरीवरून एकसष्टावी झाली.

वैजनाथ सरांनी यादी हातात घेऊनच विचारलं, “मॅडम, परीक्षा तोंडावर आली असताना टॉपर खाली आणून काय करून राहिले तुम्ही? आता कॉन्फिडन्स वाढवायचा असतो.”

“वाढलेला होता सर. पंचावन्न पडले.”

पुढच्या आठवड्यात यादी लावताना सरांनी फक्त वरची पन्नास नावं लावली.

देविदासांचा फोन आला तेव्हा मागं कुठंतरी गाय हंबरत होती. “मॅडम, पोरगी दर हप्त्याला खालीच जायलीय. मेसेज येतंय ना मला. आता काय करावं? घेऊन जाऊ का?”

“माझे पेपर चुकीचे होते,” वहिदा म्हणाली. “तिचे गुण खरे नव्हते. आता पडतात ते खरे आहेत.”

“म्हणजे जनावराला वरून पट्टी चांगली, आत जखम चिघळलेली,” देविदास म्हणाले.

“तसंच.”

“मग सोडा पट्टी. ठेवतो मेपर्यंत.”

मार्चअखेर पंचेचाळिसात सव्वीस येऊ लागले. एप्रिलच्या मध्यात बत्तीस. अयोध्या आता समीकरणापाशी थांबत नसे. उत्तर आलं की ते एकक धरून उलटं घालून बघे, आणि पटलं तरच खाली रेघ ओढी. पर्याय मागणं तिनं कधी बंद केलं ते वहिदाच्याही लक्षात आलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी वहिदानं सत्तावीस नंबरला एक प्रश्न घातला, ज्याचं बरोबर उत्तर चारही पर्यायांत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही. एकशे बारापैकी एकशे नऊ मुलांनी कुठला ना कुठला गोल काळा केला. तीन गोल कोरे होते. दोघा मुलांना वेळ पुरला नव्हता. त्यांचे पुढचे सगळेच कोरे होते. अयोध्येचा फक्त सत्तावीस कोरा होता. तिच्या प्रश्नपत्रिकेच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘३.२ येते. यात नाही. परत केले, ३.२ च.’

उत्तर ३.२ होतं.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी अयोध्येचा फोन आला.

“किती सोडवले?” वहिदानं विचारलं.

“सदतीस. आठ सोडले.”

“का?”

“येत नव्हते.”

गेल्या वर्षी तिनं पंचेचाळीसच्या पंचेचाळीस भरले होते, आणि चुकलेल्या प्रत्येकाला एक गुण कापला गेला होता. जेवून घे, वहिदा म्हणाली.

निकाल लागला तेव्हा रसायनात एकशे अठ्ठावीस होते. बाकीचे विषय धरून डॉक्टरकीच्या यादीत नाव येईल इतके एकूण होत नव्हते. जनावरांच्या डॉक्टरकीला येईल असा सगळ्यांनी अंदाज काढला, आणि आलं. देविदासांना ते माणसांच्या डॉक्टरकीपेक्षा जास्तच मानवलं असं दिसलं. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरला त्यांनी दोनदा फोन करून सांगितलं.

कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला म्हणून अयोध्या लातूरला आली आणि क्लासवर डोकावली. वहिदा नव्या बॅचचा पहिला पेपर तपासत होती. शिपाई छापायला न्यायला दारात उभा होता.

“बघू का मॅडम?”

वहिदानं कागद सरकवला. अयोध्येनं पहिल्या प्रश्नावर तळहात पालथा ठेवला. खाली नुसते चार आकडे उरले. ती ते बघत राहिली, ओठ हलवून काहीतरी निम्मं केलं, काहीतरी दुप्पट केलं. मग दुसऱ्या प्रश्नावर हात ठेवला. मग तिसऱ्या.

“न्हाई येत मॅडम,” ती म्हणाली. “प्रश्न वाचावा लागंल.”

वहिदानं पेपर परत घेतला, सत्तावीस नंबरला प्रश्न आहे ना ते एकदा बघितलं, आणि शिपायाच्या हातात दिला.