उसवायची शिवण

सुब्बराव दुकानात आले ते छातीला पट्टा बांधून, एकेक पायरी जपत. तरी चेहऱ्यावर हसू होतं. हिनकल गावात हुणसूर रस्त्याच्या कडेला सोयराबाईंचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं, आणि सुब्बराव त्यांचं जुनं गिऱ्हाईक. पंधरा दिवसांपूर्वी रिंग रोडच्या सिग्नलला एका टेम्पोने त्यांच्या गाडीला उजव्या बाजूने ठोकलं होतं. बरगडीची तीन हाडं मोडली.

"अक्का, गाडीचं दार पार आत आलं," बाहेरच्या बाकावर बसत सुब्बराव म्हणाले. "गॅरेजवाल्याने सीट बाहेर काढून ठेवलीय. पण तुझं कव्हर बघ एकदा. एक टाका गेला नाही! गॅरेजमधली सगळी पोरं बघायला आली होती."

सोयराबाई खूश झाल्या. आपली टीप पक्की असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या घरात तीन पिढ्या शिंपीकाम. सासऱ्यांनी कोट शिवले, नवरा निवृत्ती सदरे शिवायचा, आणि तयार कपड्यांनी ते काम ओसरल्यावर चाळिशी ओलांडलेल्या सोयराबाईंनी जड मशीन आणून रेक्झिनला हात घातला. निवृत्ती कापून द्यायचा, त्या शिवायच्या. दुहेरी टीप, जाड नायलॉनचा दोरा. ती टीप उसवायची म्हटलं तर त्यांना स्वतःलाच ब्लेड घ्यावं लागे.

दुपारी त्या गॅरेजमध्ये गेल्या. सीट एका कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. कव्हर खरंच जसंच्या तसं होतं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, टीप चाचपली, आणि मग सवयीने कव्हर आतून कसं बसलंय ते बघायला पाठीमागून हात घातला. हाताला कापड लागलं. पांढरं, पातळ, पिळवटलेलं. त्यांनी ते बाहेर ओढलं.

"हे काय?" त्यांनी मेस्त्रीला विचारलं.

"साइडची एअरबॅग अक्का. माणूस आणि दार यांच्यामध्ये फुगायची असते. ही मागच्या मागे फुगली."

"मागे का?"

मेस्त्रीने कव्हरच्या कडेची टीप दाखवली. "पुढे यायला वाट नव्हती ना."

सोयराबाईंना उमगलं. वाट त्यांनी बंद केली होती. दुहेरी टीप मारून.

घरी येऊन त्यांनी निवृत्तीला सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याला काय माहीत? लोकांनी मागितलं, आपण दिलं. दुनिया शिवते."

"दुनियेचं दुनिया बघेल. ही माझी टीप आहे."

रविवारी त्यांनी हयग्रीवला बोलावलं. हा मागच्या गल्लीत राहणारा तिशीतला इंजिनियर. बेळगोळच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सीट बनत, तिथे कामाला होता. कन्नडच बोलायचा, पण सोयराबाईंची मराठी त्याला कळायची, कारण त्यात निम्मं कन्नडच असे. सुब्बरावांची सीट दुकानात आणून ठेवली होती. हयग्रीवने आधी ती बघितली, मग सोयराबाईंकडे बघितलं, आणि तो पाटावर मांडी घालून बसला.

"अक्का, गाडी समोरून आदळली तर पुढे बॉनेट आहे," तो म्हणाला. "दोन-अडीच हात जागा. तो पत्रा मुद्दाम चेपला जाईल असा केलेला असतो. धक्क्याचा जोर त्या चेपण्यात खर्ची पडतो, आणि माणूस बसतो ती खोली मात्र कडक ठेवतात. लोक म्हणतात हल्लीच्या गाड्या कागदाच्या, लगेच चेपतात. पुढचं चेपतं म्हणून तर आतला माणूस वाचतो."

"सरी, कळलं. आणि बाजूने?"

"बाजूने काय आहे? दार. तुमच्या खांद्यापासून वीतभर. चेपायला जागाच नाही. म्हणून दाराच्या आत आडवी पोलादी पट्टी घालतात, आणि सीटच्या कडेला ही पिशवी. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती फुगून मध्ये यायला हवी. नंतर आली तर काही उपयोग नाही."

त्याने कव्हर बाजूला सारून मूळच्या सीटची कड त्यांच्यापुढे धरली. तिथे एअरबॅग लिहिलेली नखाएवढी पट्टी शिवली होती. सोयराबाईंनी अशा पट्ट्या डझनांनी पाहिल्या होत्या, कंपनीचं नाव असेल म्हणून झाकल्या होत्या. आता चष्मा पुसून त्यांनी पट्टीखालची शिवण बघितली, आणि त्या ओणव्याच राहिल्या.

"हा दोरा वेगळा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "बाकी सीटला जाड दोरा. इथे एवढ्याच भागात बारीक. टाकाही वेगळा. ही उसवायसाठी शिवलीय रे."

हयग्रीवला हसू आलं. "हे मला कारखान्यात शिकायला महिना लागला होता."

आता हे कळल्यावर गप्प बसतील तर त्या सोयराबाई कसल्या? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तशी शिवण घालायचा ध्यास घेतला. बारीक दोरे आणले, सुया बदलल्या, टाके लांब-आखूड करून बघितले. आत सायकलची ट्यूब घालून निवृत्तीला पंप मारायला बसवलं. तो कुरकुरत मारी. आठव्या दिवशी अशी शिवण जमली की ट्यूब फुगताच कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उघडली. सोयराबाईंनी ती घेतली आणि हयग्रीवच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

त्याने ती शिवण बराच वेळ बघितली. "हात चांगला आहे अक्का. असं माझ्याकडच्या मशीनवाल्यांनाही पटकन जमणार नाही."

"मग घालू ना ही?"

"नका घालू."

"का?"

"किती वेळा उघडली?"

"चारदा. चारही वेळा."

"तीन उन्हाळे गाडी उन्हात उभी राहिल्यावर उघडेल? कुर्गच्या थंडीत? कुणी जाड माणूस रोज घासून घासून उतरल्यावर? आम्ही खऱ्या पिशव्या फोडून बघतो, गरम करून, गोठवून. या एका शिवणीला वेगळं मशीन आहे. कोणत्या दोऱ्याने, कोणत्या दिवशी, कुणी शिवली, सगळं लिहिलेलं असतं. एक टाका चुकला तर ते कव्हर फेकून देतात. आणि तुमची शिवण कितीही छान असली तरी ती त्या शिवणीच्या वर एक जास्तीचं कापडच. फुग्याला ते आधी फाडावं लागणार."

सोयराबाईंना ते लागलं. आठ दिवसांची मेहनत होती. त्या उठून तडक घरी आल्या, मशीनवर बसल्या, आणि काहीच न शिवता तासभर बसून राहिल्या. कारागिराला सगळ्यात अवघड काय, तर जिथे आपला हात चालतो तिथे तो आवरणं. पण त्यांना सुब्बरावांचं जपून पायरी चढणं आठवत होतं.

संध्याकाळी त्यांनी दुकानाच्या दारावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत पाटी लावली: सीटमध्ये एअरबॅग असेल तर पुढच्या सीटला कव्हर शिवून मिळणार नाही.

"गिऱ्हाईक जाईल," निवृत्ती म्हणाला.

"जाऊ दे. मागच्या सीट शिवू, पायपुसण्या शिवू. हात आहेत ना?"

मग त्यांनी मापांची वही काढली. गेल्या चार वर्षांत तशा एकतीस गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. वहीत फोन नंबर होते. त्यांनी एकेकाला फोन लावला. "मी सोयराबाई, हिनकलची. मी शिवलेली पुढची कव्हरं काढायचीत. नाही, पैसे नकोत. या, नाहीतर मी येते." कुणाला वाटलं बाई नवीन कव्हर गळ्यात मारणार. कुणी लगेच आले. एक गाडी मंगळूरला विकली गेली होती. नव्या मालकाला त्यांनी व्हिडिओवर धरलं आणि त्याच्याच हातून कव्हर कापून घेतलं. दोन महिन्यांत तीस गाड्या झाल्या. उरले फत्तेसिंगराव.

फत्तेसिंगराव घोडेस्वार पोलिसांतून निवृत्त झालेले, मिशा अजून पिळदार. लाल रंगाची, सोनेरी काठाची कव्हरं त्यांनी समोर उभं राहून शिवून घेतली होती. फोनवर त्यांनी दोनदा नाही सांगितलं. तेव्हा सोयराबाई घरी गेल्या, आणि बरोबर सुब्बरावांना नेलं.

"अहो बाई, तुम्हीच शिवलं आणि तुम्हीच फाडायला आलात?" फत्तेसिंगराव म्हणाले. "तीस वर्षं घोड्यावर काढली मी. तिथे कुठली आली पिशवी? आणि मी बेल्ट लावतो, काय समजलात?"

"बेल्ट लावाच," सोयराबाई म्हणाल्या. "समोरून बसली तर बेल्ट धरतो. पण बाजूने दार अंगावर येतं तेव्हा तो काय करणार? मध्ये काहीतरी यायला हवं की नको?"

"बाजूने कोण येतंय धडकायला?"

"माझ्याकडे आला होता एक," सुब्बराव म्हणाले. "मी हिरव्या सिग्नलला निघालो होतो, राव. माझी काही चूक नव्हती. तीन महिने होत आले, अजून खोकलो की जीव जातो."

फत्तेसिंगराव मिशीवरून हात फिरवत राहिले. इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायको, जमुनाबाई, पुढे आल्या.

"माझ्या बाजूला पण आहे का गं ती पिशवी?"

"आहे की. दोन्ही बाजूंना."

"मग माझं कव्हर काढ. यांचं यांना ठेवू दे, शोभेसाठी."

"अगं, एक लाल आणि एक काळं? कसं दिसेल ते?" फत्तेसिंगराव ओरडले.

"रस्त्यावरचे लोक माझी सीट बघायला येत नाहीत," जमुनाबाई म्हणाल्या आणि गाडीची किल्ली सोयराबाईंच्या हातात दिली.

सोयराबाईंनी ब्लेडने स्वतःची टीप कापली, डाव्या सीटचं कव्हर सोलून काढलं, आतली पट्टी जमुनाबाईंना दाखवली. फत्तेसिंगराव व्हरांड्यातून बघत होते. उजव्या सीटला त्यांनी हात लावू दिला नाही.

पुढची गोष्ट फाल्गुनातली. दोघं नवरा-बायको तलकाडला देवदर्शनाला गेले होते. परत येताना एका तिठ्यावर आडव्या रस्त्याने दुधाची व्हॅन न थांबता आली आणि थेट डाव्या दारावर आदळली. गाडी गर्रकन फिरून शेताच्या कडेला थांबली.

सुब्बरावांचा फोन आला तेव्हा सोयराबाई जेवायला बसल्या होत्या. तशाच उठल्या, हयग्रीवला गाठलं, आणि त्याच्या गाडीतून दवाखान्यात पोहोचल्या. वाटभर डावं दार, एवढंच डोक्यात.

जमुनाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर काचेचे दोन ओरखडे, दंड काळानिळा. नर्सकडे ताक मागत होत्या.

"अय्यो, तू कशाला धावत आलीस?" त्या म्हणाल्या. "काही झालं नाही. धाडकन आवाज झाला, आणि कुणीतरी कुशीला उशी लावावी तसं पांढरं काहीतरी आलं. मी म्हटलं, मेले वाटतं. मग बघते तर हे बाहेर उभे राहून रडताहेत."

"रडत नव्हतो," बाकावरून फत्तेसिंगराव म्हणाले. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. सोयराबाईंसमोर ते उभे राहिले आणि त्यांनी नुसते हात जोडले. सोयराबाई म्हणाल्या, "बसा हो, बसा. चहा घेतलात का?"

परतताना हयग्रीवने गाडी तिठ्यापाशी थांबवली. पोलिसांचा पंचनामा चालू होता. अपघातातल्या गाडीचं दार चांगलं वीतभर आत आलं होतं, पण आतली पोलादी पट्टी तुटली नव्हती, नुसती वाकली होती. छप्पर सरळ, खांब सरळ. सोयराबाई वाकून सीटकडे बघू लागल्या. बारीक दोऱ्याची ती शिवण वरपासून खालपर्यंत उघडली होती. एक टाका इकडे-तिकडे नाही. बाजूचा जाड दोरा जागच्या जागी.

"कुणी शिवली असेल रे ही?" त्यांनी विचारलं.

"असेल एखाद्या कारखान्यातली बाई," हयग्रीव म्हणाला. "तिला कधी कळणारही नाही."

"कळायला हवं," सोयराबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावून लगेच म्हणाल्या, "चल, उशीर होतोय. दुकान उघडं टाकून आलेय."

पाडवा झाला आणि फत्तेसिंगरावांनी नवी गाडी घेतली. तिच्या सीटना त्यांनी काहीच घातलं नाही. पण माणूस पोलिसातला, त्याला स्वस्थ बसवेना. रोज सकाळी फिरायला निघत आणि घरांपुढे उभ्या गाड्यांच्या काचांतून डोकावत. कव्हर दिसलं की बेल वाजवत. सिग्नलला थांबलेल्या गाड्याही सुटत नसत.

एके दिवशी एक तरुण जोडपं दुकानापुढे गाडी लावून गोंधळून उतरलं.

"आंटी, एका मिशीवाल्या आजोबांनी वाटेत अडवलं," मुलगी म्हणाली. "लायसन्स विचारतील असं वाटलं. ते म्हणाले, आधी हिनकलला सोयराबाईंकडे जा, मग कुठे जायचं तिकडे जा. काय झालंय आमच्या सीटला?"

"काही नाही झालेलं," सोयराबाई म्हणाल्या. त्यांनी खणातून ब्लेड काढलं, चष्मा लावला आणि गाडीचं दार उघडलं. "या इकडे, दोघंही. दाखवते."