काकडीचा महिना

खारदांड्याच्या द्रौपदी कोळणीचा मासळी तोलायच्या काट्यावर भरवसा नव्हता. दुसऱ्याच्या तर नाहीच, स्वतःच्याही बेताचाच. घाऊक बाजारात ती आधी मासळीवर अंगठा दाबायची. मांस उसळून वर आलं तर घ्यायची. खड्डा तसाच राहिला तर विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा समाचार घ्यायची. बर्फाच्या पाण्यात फुगवलेली कोळंबी तिला दहा पावलांवरून कळे. कळली नाही ती फक्त स्वतःची पोरगी.

प्रियंकाने बोरीवलीच्या एका क्लबात पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. लहानपणापासून समुद्रात पोहणारी, बापाबरोबर जाळं ओढणारी, बर्फाची पाटी एकटीने उचलणारी पोरगी. तिथल्या अनिरुद्ध साहेबाने तिला काट्यावर उभं केलं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"सदुसष्ट. तुमच्या उंचीला बासष्ट चालतं. चरबी उतरवा, महिन्याने या."

"साहेब, चरबी कुठंय? मेहनतीचं अंग आहे हे."

"मग काटा खोटं बोलतो का?"

प्रियंका रागाने काट्यावरून खाली उतरली. सोबत आलेल्या द्रौपदीला मात्र ते पटलं. गळ्यात टाय, भिंतीवर रंगीत तक्ता. एवढ्यावर ही बाई विरघळली.

घरी भात बंद झाला, मासळी बंद झाली. सकाळी गरम पाणी, दुपारी काकडी, रात्री काकडीची आठवण. प्रियंका ओरडायची, "आई, हात गळतायत माझे!"

"चरबी जातेय गो. जाऊ दे."

कुर्त्याच्या बाह्या ढगळ झाल्या, तेव्हा द्रौपदीने त्या शेजारच्या शकुला कौतुकाने दाखवल्या. कमरेची नाडी मात्र होती तिथेच बांधली जात होती. ते दोघींनीही पाहिलं नाही.

महिन्याने काटा साडेएकसष्टवर थांबला. साहेबाने कागदावर बरोबरची खूण केली. "बघा, मनावर घेतलं की होतं!"

मग पाण्याची परीक्षा. माणसाच्या वजनाचा पुतळा तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला ओढून न्यायचा. अर्ज भरला त्याच आठवड्यात प्रियंकाने सरावासाठी धाकूमामाला खडकापासून किनाऱ्यापर्यंत ओढून आणलं होतं, आणि धाकूमामा म्हणजे शंभर किलोचा ऐवज, वर शिव्या देणारा. इथे अर्ध्या तलावात तिचे हात थांबले. पुतळा खाली गेला. तिने काठ धरला.

"ताकद कमी पडते हो," साहेब म्हणाला आणि शेजारी फुली मारली.

प्रियंका पाण्यातूनच आईवर कडाडली, "कोळंबी घेताना काटा बघतेस की अंगठा दाबतेस? मग मलाच का काट्याने मोजलंस?"

द्रौपदीचं तोंड रिकामं राहिलं की हात चालत. तिने साहेबाचा दंड पकडला आणि अंगठा रुतवला. बाजारातल्यासारखा, पूर्ण.

"अहो बाई! काय करताय?"

"तुझं वजन किती रे?"

"साठ! तक्त्यात बसतं माझं!"

"बसतं ना? आणि हा अंगठा बघ कुठवर गेला! शिळ्या बोंबलाला याहून जीव असतो. माझ्या पोरीची कमावलेली ताकद उतरवलीस तू, आणि वर विचारतोस ताकद कुठे गेली? पाण्यात बुडणारा आधी तक्ता मागतो काय?"

तलावावरची माणसं वळून बघायला लागली.

"सोडा... पुढच्या महिन्यात परत घेतो परीक्षा."

"आधी पाणी. मग काटा. लिही."

"नियम तसा नाही."

अंगठा आणखी आत गेला. साहेबाने डाव्या हाताने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. खाली सही घेतल्यावरच तिने दंड सोडला.

बाहेर आल्यावर द्रौपदी विजयी मुद्रेने लेकीकडे बघू लागली. प्रियंकाने ओले केस पिळले.

"माझ्याकडे काय बघतेस? त्याने फक्त आकडा सांगितला. उपाशी तू ठेवलंस."

"चुकलं गो."

"घरी काकडी दिसली ना, तर समुद्रात फेकीन. तुझ्यासकट."

द्रौपदीने मान डोलावली आणि बोरीवलीच्या बाजारात शिरून ती सुरमईवर अंगठा दाबू लागली.